करमळीच्या तळ्याकाठी धावायचंय? जुन्या गोव्याभोवतीच्या वाटा, नवख्यांसाठी

साताऱ्याहून बदली होऊन गोव्यात आलो, तेव्हा मनात एकच होतं: यवतेश्वरचा घाट चढलेल्या माणसाला इथं काय अवघड? समुद्राकाठचा मुलूख, चढ नाही, थंडी नाही. जुन्या गोव्यात खोली घेतली, पहिल्याच रविवारी मोबाइलच्या नकाशात करमळीचं तळं शोधलं, त्या निळ्या डागाभोवती बोटानं एक गोल काढला आणि निघालो. तो गोल काही पुरा झाला नाही. बांध समजून ज्यावर पाय टाकला तो गवत वाढलेला चिखल निघाला. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय वर आला, बूट आतच राहिला. शेजारच्या शेतातल्या आजोबांनी काठीनं तो उकरून काढून दिला आणि म्हणाले, "तळें वाटकुळें दिसता म्हण भोंवतणी वाट आसताच अशें ना, बाबा."

वाटोळं तळं दिसलं म्हणजे भोवती वाट असतेच असं नाही. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बुटांची एक जोडी वाचली असती. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

१. रस्ता नंतर, आधी वेळ ठरवा

गोव्यात नव्यानं धावणाऱ्याला अंतर दमवत नाही, दमट हवा दमवते. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग गारच होत नाही. साताऱ्यात मी ज्या गतीनं दहा किलोमीटर आरामात करायचो, त्या गतीनं इथं चौथ्या किलोमीटरला डोकं भणभणायला लागलं. पहिले तीन आठवडे घड्याळाकडे बघूच नका. प्रत्येक किलोमीटरला पाऊण-एक मिनिट जास्त लागलं तर ते बरोबरच आहे. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं, एवढाच वेग ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, मे महिन्यात सहाच्या. उगवतीआधी अर्धा तास ते उगवल्यावर एक तास, एवढीच खरी वेळ. साडेआठनंतर डांबर तापतं. संध्याकाळही चालते, पण तळ्याकाठी डास असतात आणि अंधार झाला की बांध दिसत नाही.

महिन्यांचं गणित वेगळंच आहे आणि ते तळ्याशी जोडलेलं आहे. पावसाळ्यात तळं काठोकाठ असतं, कडेच्या पायवाटा पाण्याखाली जातात. थंडीत पाणी स्थिर आणि पक्षी भरपूर. उन्हाळ्याकडे हे पाणी आसपासच्या शेतांना जातं आणि तळं आक्रसतं. मग जिथं पाणी होतं तिथं भेगा पडलेली सुकी जमीन दिसते आणि नवखा माणूस मोहात पडतो. वरची साय सुकलेली असते, खाली चिखल ओलाच असतो. माझा बूट एप्रिलमध्येच गेला होता.

२. पोचायचं कसं

पणजीहून जुनं गोवं नऊ-दहा किलोमीटर. पणजी-फोंडा मार्गावरची कोणतीही बस गांधी सर्कलला सोडते. कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन तळ्याच्या अगदी शेजारी आहे, त्यामुळे मडगाव किंवा थिवीकडून येणाऱ्यांना गाडीची वेळ जुळली तर उत्तमच. मात्र सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, आदल्या रात्रीच बघून ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर चर्चच्या परिसरातल्या पार्किंगमध्ये सकाळी सहाला जागाच जागा असते. अडचण परत येताना होते. नऊ वाजता पर्यटकांच्या बस लागतात आणि आपली गाडी मधोमध अडकते. म्हणून कडेला, तोंड बाहेर करून लावा.

कॅलेंडरमध्ये एक तारीख लाल करून ठेवा: ३ डिसेंबर. सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या प्रार्थना चालतात, पहाटेपासून माणसांची रीघ लागते. लोक पायी चालत येतात, त्यांच्यामधून नागमोडी पळणं बरं दिसत नाही. त्या दिवसांत सरळ दिवाडी बेट किंवा मयेचं तळं गाठा.

३. पहिली वाट: चर्चपासून तळ्यापर्यंत

सुरुवात सी कॅथेड्रलच्या आवारापासून करा. ओळखायला सोपं आहे. एकच मनोरा आहे, दुसरा १७७६ मध्ये पडला तो पुन्हा बांधलाच नाही. समोर रस्त्यापलीकडे बॉम जेझूची बॅसिलिका, १६०५ मध्ये पूर्ण झालेली, जांभ्या दगडाची. इथली चर्च १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. सकाळी सहाला मात्र तिथं एक झाडूवाली बाई, दोन कुत्री आणि धुक्यासारखा ओला गारवा, एवढंच असतं.

पाच मिनिटं चाला, मग होली हिलच्या चढावर सावकाश एक फेरी मारा. वर सेंट ऑगस्टिनचा एकटा उभा मनोरा आहे, सुमारे ४६ मीटर उंच. चढ लहान आहे, पण अंग तापायला पुरेसा. खाली उतरलात की करमळीच्या दिशेचा रस्ता धरा. इथून स्टेशन अडीच-तीन किलोमीटर. हमरस्ता ओलांडावा लागतो तिथं थांबा. खोर्लीच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारे ट्रक सकाळीच सुरू होतात आणि त्यांना तुमच्या हृदयाच्या ठोक्यांशी काही देणंघेणं नसतं.

गावात शिरलात की रस्ता अरुंद आणि सावलीचा होतो. उजव्या कडेनं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं धावा. वळणावर मात्र ज्या बाजूनं गाडीवाल्याला तुम्ही लांबून दिसाल ती बाजू घ्या. घरांच्या जांभ्या कुंपणांना चिकटून वळण घेतलं तर पलीकडून येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, अंगावर येतो. सायकलच्या मागे मोठी टोपली, पोंक-पोंक वाजणारा भोंगा. तो वाजला की कडेला व्हा. त्याच्याकडून परतीला गरम पोळी, म्हणजे इथला गोल पाव, घ्यायची आहे, आत्ताच भांडण नको.

४. तळ्याकाठी कसं वागायचं

सगळी चूक इथंच होते, म्हणून थोडं सविस्तर.

करमळीचं तळं साधारण सत्तर हेक्टरांचं आणि उथळ आहे. एका अंगाला रेल्वे, बाकी शेतं आणि वस्ती. त्याला पूर्ण फेरी घालायचा हट्ट सोडा. रेल्वेच्या रुळांवरून किंवा रुळांच्या कडेच्या खडीवरून पळणं बेकायदा आहे आणि मूर्खपणाचंही. कानात गाणी असतील तर तो मूर्खपणा जिवावर बेततो. तळ्याला डोळ्यासमोर ठेवून डांबरी रस्त्यावरून जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. अंतर वाढवायचं असेल तर तेच दोनदा. कंटाळा येईल असं वाटतं, येत नाही. परतताना उजेड बदललेला असतो आणि तळं वेगळंच दिसतं.

बांधावर उतरायचंच असेल तर आधी कुणाला तरी विचारा. हे बांध तुमच्या-माझ्या व्यायामासाठी घातलेले नाहीत. पाणी अडवायला आणि सोडायला जिथं दार असतं त्याला इथं मानस म्हणतात. मानशीजवळचा बांध रुंद आणि पक्का दिसतो, पण फळ्यांवर शेवाळ असतं. तिथून चालत जा, पळत नको. दुसरं, बांधाच्या एका कडेला बऱ्याचदा नुकतं टाकलेलं मातीचं भर असतं, ताज्या मातीवरून ते ओळखू येतं. त्यावर एक जरी पाय पडला तरी शेतकऱ्याचं दोन दिवसांचं काम वाहून जातं. शिव्या खाल्ल्या तर ऐकून घ्याव्यात, त्या न्याय्य असतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांचे दिवस. अडई, काणूक, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी हमखास दिसतात. तळ्यात एक रानटी भातही उगवतं, त्याला लोक देवभात म्हणतात. पाणकोंबड्या त्याच्यात इतक्या बेमालूम फिरतात की लाल चोच हलली तरच कळतं. काठावर दुर्बिणी लावलेली मंडळी बसलेली असतील तर त्यांच्या पुढून धाडधाड पळू नका. बदकांचा एक थवा उडाला की त्यांची अख्खी सकाळ गेली. मी एकदा उडवला होता. कुणी काही बोललं नाही, फक्त पाच जणांनी एकदम मान वळवून बघितलं. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

आणि म्हशी. म्हैस वाट अडवून उभी असेल तर थांबा, तिला तुमची चाहूल लागू द्या, मग मागच्या बाजूनं लांबून निघा. म्हैस आणि पाणी यांच्या मधून कधीच जाऊ नका, तिला पाण्यात जायचं असतं आणि तुम्ही मध्ये असता.

एक गोष्ट पुस्तकात वाचून गंमत वाटली, नंतर वाटेनासी झाली. मांडवी आणि जुवारीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा इथून जवळच आहे आणि त्यात मगरी आहेत. फोंड्याकडच्या खाजनांत, म्हणजे खाडीचं पाणी बांधानं अडवून केलेल्या शेतांत, शेतकरी बांधावर चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात. धावून झाल्यावर पाय धुवायला खाडीत किंवा कालव्यात उतरायचं नाही, एवढा बोध मी त्यातून घेतला. पाय धुवायला बाटलीतलं पाणी पुरतं.

करमळीचं आणखी एक आहे, धावण्याशी संबंध नाही पण तळ्याकाठी आठवतं. सत्तरीत ब्रह्म करमळी म्हणून गाव आहे, तिथला ब्रह्मदेव मूळचा या करमळीचा. सोळाव्या शतकात मूर्ती वाचवायला लोकांनी ती इथून तिकडं नेली आणि गावाचं नावही बरोबर नेलं. मूर्ती उचलून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत चालत गेलेल्यांच्या वाटेवर आपण सहा किलोमीटर पळून दमतो.

५. दुसरी वाट: दिवाडी

ज्यांना गाड्यांचा वैताग आहे त्यांनी दिवाडी धरावी. व्हाइसरॉयच्या कमानीखालून जा. कमान १५९९ ची, मध्ये पडली, १९५४ मध्ये पुन्हा उभारली. पुढं फेरीचा धक्का. फेरीबोटीतून पाच-दहा मिनिटांत पलीकडे. पलीकडे उतरलात की दोन्ही बाजूंना खाजनं, मधून सरळ रस्ता आणि समोर पिएदादची टेकडी, वर पांढरं चर्च. टेकडीपर्यंत तीनेक किलोमीटर. सपाट भाग गती धरायला झकास आणि शेवटचा चढ पोटऱ्यांना ताण द्यायला. वरून मांडवीपलीकडे जुन्या गोव्याचे कळस झाडांतून डोकावतात. जिथून निघालो ते ठिकाण इतक्या लांबून बघायला मिळतं, याचं मला अजून अप्रूप आहे.

सापळे दोन. पहिला, सावली नाही. खाजनांमधल्या रस्त्यावर साडेसातनंतर ऊन थेट डोक्यावर येतं. दुसरा, फेरी. जाताना लगेच मिळाली म्हणून येताना मिळेल असं नाही. मी एकदा टेकडीवर फोटो काढत बसलो, खाली आलो तर बोट नुकतीच सुटलेली. घामेजलेल्या कपड्यांत नदीवरचा वारा खात अर्धा तास उभा राहिलो आणि पुढचे चार दिवस शिंकत होतो. उतरतानाच परतीच्या फेऱ्यांची वेळ विचारून घ्या आणि एक कोरडा शर्ट पिशवीत ठेवा.

ज्यांचा पाय लांबचा आहे त्यांनी बेट ओलांडून दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी घ्यावी आणि सप्तकोटेश्वरापर्यंत जावं. हे देवस्थान मूळचं दिवाडीवरचं. नदीपलीकडे नेलेल्या देवाच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. साताऱ्याचा माणूस म्हणून मी तिथं पहिल्यांदा धावत पोचलो तेव्हा बूट काढून बराच वेळ पायरीवर बसून राहिलो होतो. हे अंतर नवख्याचं नाही. तीन-चार महिन्यांनी करा.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरां, म्हणजे झेंड्यांचा उत्सव असतो. त्या दिवशी झेंडे बघायला जा, धावायला नको.

६. मये, सुट्टीच्या दिवशी

डिचोलीजवळचं मयेचं तळं डोंगरांच्या कुशीत आहे. करमळीसारखं उघडं नाही, चहूकडे झाडी. रस्ते चढउताराचे, त्यामुळे घाटाची सवय असणाऱ्याला घरच्यासारखं वाटतं. जुन्या गोव्याहून रोज जाण्यासारखं नाही. गाडी काढून जा, पळा, डिचोलीच्या बाजारात नाश्ता करा आणि या. खाणीचे ट्रक ज्या रस्त्यांवर चालू असतात तिथं लाल धूळ असते, कोणते रस्ते ते तिथल्या दुकानदाराला विचारलेलं बरं.

पणजी आणि रायबंदरमधला जुना सेतूही लोक सुचवतात. १६३३-३४ चा, तीन किलोमीटरच्या वर लांब, एका बाजूला मिठागरं. दिसायला सुंदर, धावायला रविवार पहाटेशिवाय नको. गाड्या कोपराला घासून जातात.

७. बरोबर काय हवं

- बूट: तळाला खाचा असलेले. पावसाळ्यात एक जुनी जोडी चिखलासाठी वेगळी.
- पाणी: अर्धा लिटर तरी हातात. तासापेक्षा जास्त पळणार असाल तर त्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू. मी कोकमाचं आगळ घालतो, बाटली रंगते पण पोट शांत राहतं.
- अंधारात दिसेल असा फिकट किंवा चमकणारा शर्ट आणि कपाळाचा दिवा.
- ओळखपत्राची झेरॉक्स, मागे पेनानं रक्तगट आणि घरच्या कुणाचा तरी नंबर. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घाला, घामानं शाई पसरते.
- सुटे पैसे. पोदेर मोबाइलवर पैसे घेईल न घेईल.
- मांड्यांना आणि काखेत लावायला व्हॅसलीन. दमट हवेत कातडं घासून निघतं. हे कुणी सांगत नाही, आणि अंघोळीचं पाणी पडल्यावर कळतं.

सुती बनियन घालून पळू नका. दोन किलोमीटरमध्ये ते ओल्या फडक्यासारखं अंगाला लपेटून बसतं.

८. कुत्री, साप, चिखल

कुत्रं अंगावर आलं तर पळणं थांबवा. चालायला लागा, डोळ्यांत बघू नका, हात खाली ठेवा. दहातली नऊ कुत्री तुम्ही चालायला लागताच कंटाळतात. रोज त्याच वेळी त्याच वाटेनं गेलात की पंधरवड्यात ती ओळखू लागतात. माझ्या वाटेवरचं एक काळं कुत्रं स्टेशनपर्यंत सोबत येतं आणि तिथून मागे फिरतं. गोवा रेबीज नियंत्रणात पुढं आहे हे खरं, पण चावा म्हणजे चावा. साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायची. "ओरखडाच आहे" असं स्वतःला समजावू नका.

बांधावर उंदीर असतात, म्हणून सापही असतात. कातळाच्या कडेला फुरसं असू शकतं. गवतात पाय घालायचा नाही, लघवीला आडोसा शोधतानाही नाही.

पायाला ताजी जखम असेल तर पावसाळ्यात शेतातल्या पाण्यात उतरू नका. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, याच वाटेनं येतो. चिखलातून आल्यावर महिन्याभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरला "मी शेताच्या पाण्यात होतो" हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

काही बिघडलं तर रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. मोठं इस्पितळ बांबोळीला, म्हणजे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). फोनवर "तळ्याजवळ" म्हणून भागत नाही, तळं मोठं आहे. जवळचा कपेल (छोटं चर्च), खुरीस (क्रूस), स्टेशन किंवा दुकानाची पाटी सांगा. धावताना अशा खुणा मनात मोजत जायची सवय लावून घ्या.

९. परतीचं

शेवटचा किलोमीटर चाला. लगेच गाडीत एसी लावून बसलात तर पोटऱ्यांत गोळे येतात. मग पोदेर गाठा. कोंड्याची पोळी किंवा उंडो (गोल, कडक पाव) घ्या, पोळीच्या आत वाफ असते तोवरच तिची मजा. शेजारच्या हॉटेलात पातळ भाजी आणि कडक चहा मागा. हॉटेलवाला बुटांकडे बघेल. चिखल असला तर बूट बाहेर काढून मोज्यांवर आत जा, तो लगेच हसून जागा देतो.

घरी आल्यावर बूट उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो. आतली पट्टी काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात हे बोळे दर दोन तासांनी बदलावे लागतात. माझ्या घरमालकीण बाई त्यासाठी मला रद्दी राखून ठेवतात, आणि तिच्यात वाचायचं राहून गेलेलं काही असलं तर आधी ते वाचून मगच बोळा करायला परवानगी देतात.